कोपऱ्यातलं पेडल

"पेला काठोकाठ भरलाय, दोघांनी बघून घ्या," आरवाडे शेठ म्हणाले. "हा मी मांडीवर धरून मागं बसणार. पन्हाळ्याला जायचं आणि परत यायचं. जाताना एकानं चालवायची, येताना दुसऱ्यानं. ज्याच्या हातनं पाणी कमी सांडंल तो सोमवारपासनं कामावर. दुसऱ्यानं गपगुमान घरी जायचं."

शेठ सांगलीतले हळदीचे व्यापारी. अंगात पांढरी पँट, पांढरा शर्ट. दारात उभी असलेली नवी गाडीही पांढरीच. चार दरवाजे आणि मागं डिकी, ना लहान ना मोठी, रस्त्यात कुणी वळून बघणार नाही अशी. बॉनेटवर झेंडूची माळ होती, चाकांखाली लिंबं चिरडलेली होती आणि सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. गाडीच्या एका बाजूला मी उभा होतो. दुसऱ्या बाजूला कुरणे सर. मला गाडी शिकवली ती ह्याच कुरणे सरांनी.

शेठना ते ठाऊक होतं. म्हणून तर दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. "गुरू-चेल्याची जोड लावलीय आज," ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, आमच्यादेखत, आणि हसत होते.

वसंत कुरणे यांचं ड्रायव्हिंग स्कूल सव्वीस वर्षं चाललं. निम्म्या सांगलीला त्यांनी गाडी शिकवली असेल. मग नवं, ए.सी. गाड्यांचं स्कूल आलं, सरांची जुनी गाडी पासिंगला नापास झाली आणि शटर खाली आलं. आता ते एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवर वॉचमन होते. आम्ही शिकून गेलेले तिथून जाताना हॉर्न वाजवून हात करायचो. ते मान खाली घालून रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत राहायचे. छप्पन्न वर्षांच्या माणसाला मरण्याआधी पुन्हा एकदा स्टिअरिंग हवं होतं, एवढंच.

मला त्रिशला हवी होती. मी चोवीस वर्षांचा, रोजंदारीवर टेम्पो चालवायचो. तिच्या वडिलांनी सरळ सांगितलं होतं, "कायमची नोकरी दाखवा, मग सुपारी फोडू. नाहीतर दुसरं स्थळ बघितलंय आम्ही." दुसऱ्या स्थळाला पाच एकर द्राक्षबाग होती. माझ्याकडं लायसन होतं.

"पहिल्यांदा कोण?" शेठनी विचारलं.

"बाळगोंडा चालवू दे," सर म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काच बोटभर खाली ठेव. ही गाडी फार मुकी आहे. कानावर आवाज पडल्याशिवाय गिअर कळायचा नाही."

"धूळ येईल की सर. शेठ ओरडतील."

"ओरडू देत. पाणी तरी सांडणार नाही."

मी काच बंदच ठेवली. ज्या माणसाशी आपली स्पर्धा आहे तो आपल्याला खरी अक्कल कशाला देईल, असं मला वाटलं. मी त्या जागी असतो तर दिली नसती.

गाडी साधीच होती, पण टेम्पोतून उतरलेल्या माणसाला ती कळत नव्हती. टेम्पोत खुर्चीवर बसल्यासारखं बसायचं, इथं पाय लांब करून जवळजवळ जमिनीवर. बॉनेट पुढं उतरत गेलेलं, त्यामुळं गाडीचं नाक कुठं संपतं ते दिसत नाही, आणि मागं डिकी कुठं संपते तेही नाही. स्टिअरिंग एका बोटानं फिरायचं. क्लच तर इतका मऊ की दाबला की नाही याचीच शंका यायची. पहिल्याच सिग्नलला इंजिन चालू असताना मी पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर कर्रकन ओरडला.

"चालूच हाय रं ती," मागून शेठ म्हणाले. "किती येळा चालू करणार?"

सर शेजारच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते.

कोल्हापूरपर्यंत मी बरी चालवली. पुढं पन्हाळ्याच्या घाटात एका वळणावर समोरची एस.टी. थांबली. मीही थांबलो. एस.टी. हलली, मी क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. बंद काचेत मला ते ऐकूच आलं नाही. मी ॲक्सिलरेटर दाबत बसलो आणि गाडी मागं जायला लागली. माझ्या शेजारी धाडकन आवाज झाला. सरांचा उजवा पाय समोरच्या चटईवर आपटला होता. तिथं पेडल नव्हतं, पण त्यांचा पाय चटई दाबून धरत होता. मी कसाबसा हँडब्रेक ओढला. गाडी चार हात मागं जाऊन थांबली.

निम्मं पाणी शेठच्या पँटीवर होतं.

"बाळगोंडा," शेठ थंडपणानं म्हणाले, "तुला ड्रायव्हर म्हणून बोलावलंय. न्हाणीघरात नव्हं."

पन्हाळ्यावर शेठ झुणका-भाकरी खायला एका घरात शिरले. ओली पँट वाळावी म्हणून मुद्दाम उन्हात बसले. आम्हाला या म्हणाले नाहीत. आम्ही दोघं गाडीजवळच्या कठड्यावर बसलो. सरांनी डबा उघडला. चपात्या आणि लसणीची चटणी. मी काही आणलं नव्हतं. त्यांनी न विचारता निम्म्या चपात्या झाकणात काढून माझ्यापुढं ठेवल्या.

"घाटात माझा पाय बघितलास?" त्यांनी विचारलं.

"बघितला. ब्रेक दाबत होता तुम्ही."

"सव्वीस वर्षं डाव्या सीटवर बसलो मी. शिकवायच्या गाडीत तिथं दोनच पेडल. डावीकडं क्लच आणि उजव्या कोपऱ्यात ब्रेक. ॲक्सिलरेटर नाहीच. पोरगं चुकलं की माझा पाय उजव्या कोपऱ्यात. दिवसातनं पन्नास वेळा."

मला समजायला घास गिळण्याइतका वेळ लागला. खऱ्या ड्रायव्हरच्या सीटवर उजव्या कोपऱ्यात ब्रेक नसतो. ॲक्सिलरेटर असतो.

"महिनाभर मेहुण्याच्या गाडीवर रोज पहाटे सराव केला," सर म्हणाले. "माझ्या मनानं चालवतो तोवर काही होत नाही. एकदाच झालं. मेहुणा मध्येच ओरडला आणि मी गाडी गोठ्याच्या भिंतीत घातली. दचकलो की पाय जुन्या जागी जातो बघ."

"शेठना सांगितलंय?"

"सांगितलं तर हात लावू देतील का? दोन-चार महिन्यांत पाय विसरेल ते. तुला सांगतोय, कारण येताना तू शेजारी बसणार. काही दिसलं तर ओरडू नको. हळू म्हण, 'सर, सावकाश.' एवढं कर माझ्यासाठी."

"बरं सर."

"आणि तुझं काम झालं तर मला वाईट वाटायचं नाही. माझंच पोरगं आहेस तू."

शेवटची चपाती उरली होती. त्यांनी ती मोडून मोठा तुकडा मला दिला आणि मी तो खाल्ला.

येताना सरांनी आधी सीट पुढं घेतली. तिन्ही आरसे बोटानं सारखे केले. स्टिअरिंगला हात लावून तो हात छातीला लावला. काच बोटभर खाली घेतली.

"मास्तर, ए.सी. काय शोभेला घेतलाय?" शेठ म्हणाले. पेला पुन्हा काठोकाठ भरून घेतला होता.

"घाट उतरूस्तोवर राहू द्या शेठ. मग लावतो."

त्यांनी गाडी कशी चालवली ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला सुरुवात केली की पुढचंही सांगावं लागतं. गाडी तीच होती, पण आता तिला नाक होतं आणि शेपूट होतं, आणि दोन्ही कुठं आहेत ते चालवणाऱ्याला ठाऊक होतं. खड्डा यायच्या कितीतरी आधी वेग उतरायचा. गिअर बदलला ते हात हलला म्हणून समजायचं, धक्का असा नव्हताच. घाटाच्या वळणावर मी आरशातून पेल्याकडं बघितलं. पाणी नुसतं कडेला टेकून परत येत होतं.

सरांचा चेहरा मी बघायला नको होता. तो माणूस दहा वर्षांनी तरुण झाला होता. ओठ हलत होते. काहीतरी गुणगुणत होते बहुतेक.

कोल्हापूर मागं पडलं. हातकणंगलं गेलं. मागून घोरल्याचा आवाज आला. शेठ पेला हातात धरून झोपले होते. जयसिंगपूर जवळ आलं तेव्हा ते जागे झाले, पेल्यात बघितलं, मग पँटीवरून हात फिरवला. पँट कोरडी होती.

"मास्तर," ते म्हणाले, "आईच्यान सांगतो, गाडीत मला जन्मात झोप लागलेली न्हाई. आज लागली." मग माझ्या खांद्यावर मागून टपली मारली. "काय रं चेल्या? सोमवारी आपला टेम्पोच बघ तू. गुरूनं पाठ टेकवली तुझी."

सर एकदा माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यात खवचटपणा असता तर मला पुढचं सोपं गेलं असतं. नव्हता. आपला आनंद झाकायचा प्रयत्न करणारा माणूस हसतो तसं ते हसणं होतं. मला त्यांचा संताप आला. त्रिशलाचा बाप डोळ्यांपुढं आला, द्राक्षबाग आली. म्हाताऱ्याला पगार तरी मिळत होता, मला काय मिळत होतं?

पुढं रेल्वे फाटक दिसलं. घंटा वाजत होती, आडवे बांबू खाली येत होते. उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन थांबला होता. डाव्या कडेला पेरूवाल्या, काकडीवाल्या बसलेल्या. एका बाईचा हातगाडा होता, हिरव्या-पिवळ्या पेरूंचा ढीग लावलेला. सरांनी वेग कमी करत आणला होता. गाडी सायकलच्या वेगानं पुढं जात होती. ट्रॉली अजून वीस-पंचवीस हातांवर होती. समोर काहीच नव्हतं. मोकळा रस्ता.

मी घाबरून ओरडलो नाही. हे मला स्पष्ट सांगायचं आहे. वेग कमी व्हायची मी वाट बघितली, कारण माझाही जीव त्याच गाडीत होता. दोन पाय पुढं रोवले, वरचं हँडल धरलं, आणि मग ओरडलो.

"सर! ब्रेक!"

सरांचा पाय उजव्या कोपऱ्यात गेला.

ती मुकी गाडी तेव्हा पहिल्यांदा ओरडली. ट्रॉलीच्या लोखंडाकडं ती झेपावली आणि सरांनी अखेरच्या क्षणी स्टिअरिंग डावीकडं तोडलं. तेवढं त्यांना साधलं. नाहीतर ऊस काचेतून आत आला असता. पेरूवाली किंचाळत बाजूला पडली. हातगाडा उलटला, पेरू टपावर बदाबद पडले, आणि गाडी कडेच्या दगडावर जाऊन बंद पडली.

कुणी मेलं नाही. बाईचं कोपर सोललं होतं. सरांचा ओठ स्टिअरिंगवर आपटून फाटला होता. डावा हेडलाइट फुटला होता. शेठ नखशिखांत भिजले होते आणि रिकामा पेला अजून त्यांच्या हातात होता.

लोक जमले. बाई शिव्या देत होती. शेठनी उतरून तिच्या हातात काही नोटा कोंबल्या, मग गाडीला वळसा घालून सरांचा दरवाजा उघडला.

"उतर."

मघाशीचे मास्तर आता मास्तर राहिले नव्हते.

सर उतरले. हनुवटीवरून रक्त शर्टावर ओघळत होतं. ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. ते माझ्याकडं आले आणि माझा दंड धरला.

"बाळगोंडा, काय होतं रे? कोण आडवं आलं? मूल होतं का?"

मी काही ठरवलं नव्हतं. हे उत्तर त्यांनीच माझ्या हातात दिलं.

"होय सर."

"लागलं?"

"न्हाई. पळालं ते. वाचलं."

त्यांनी डोळे मिटले. फाटलेल्या ओठावर आता हसू होतं. मग ते शेठकडं वळले आणि हात जोडले. "शेठ, ह्याला ठेवा. मला मूल दिसलंच नाही. ह्याला दिसलं. ह्याचं लक्ष होतं."

"ते तू मला सांगायचं न्हाई," शेठ म्हणाले. "इथंनं एस.टी. मिळंल तुला. त्या तोंडानं माझ्या गाडीत बसू नकोस, सीट खराब हुईल." आणि माझ्याकडं बघून, "काय बघतोस? बस की स्टिअरिंगवर."

मी बसलो. सरांची पिशवी आणि रिकामा डबा पायापाशी होता. तो खिडकीतून त्यांच्या हातात दिला. फाटक उघडलं होतं.

गाडी हलवण्याआधी आरसा बघायचा, हे त्यांनीच शिकवलेलं. मी बघितला. सर कमरेत वाकून एकेका हातगाड्याखाली डोकावत होते. ते मूल शोधत होते.

सोमवारपासून मी कामावर गेलो. महिन्याभरात सुपारी फुटली आणि वैशाखात लग्न झालं. सर आले. जुनाच इस्त्रीचा शर्ट, ओठावर पांढरा व्रण. आहेराच्या रांगेतून वर आले, मला स्टीलचा डबा दिला, त्रिशलाला म्हणाले, "नशीबवान आहेस. याचं रस्त्यावर फार लक्ष असतं." मग माझ्या कानाशी आले.

"बाळगोंडा, ते मूल मुलगा होता का मुलगी?"

मागं रांग थांबली होती. फोटोवाला सरका म्हणत होता.

"मुलगा होता सर."

"अंगात काय होतं?"

"लाल शर्ट."

"लाल शर्ट," त्यांनी पाठ केल्यासारखं म्हटलं आणि खाली उतरले. जेवायला थांबले की नाही ते मी बघितलं नाही.

पुन्हा त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. लायसनची मुदत संपली तेव्हा नवं केलं नाही, म्हणे. चार वर्षांनी उन्हाळ्यात ते गेले. मी मातीला गेलो, शेठना विचारून, त्याच गाडीतून. गल्लीत लोक म्हणाले, शिकवलेलं पोरगं बघा कसं आलं. मी रडलो. खोटं रडलो नाही, पण ते ऐकून मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

त्या फाटकावरून मी कधी जात नसे. कोल्हापूरला जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त सांगून शिरोळवरून वळसा घ्यायचो. सर गेले त्याच हिवाळ्यात एकदा शेठना घाई होती. "सरळ घे," म्हणाले. मी सरळ घेतली. आणि फाटक पडलेलंच होतं.

काच खाली केली तर पेरूचा वास आत आला. हातगाडा त्याच जागी होता आणि बाई तीच. ती गाडीकडं निरखून बघत जवळ आली.

"पेरू घ्या, गोड हाईत. ही गाडी वळखीची वाटती मला. हिनंच माझा गाडा पाडल्याला."

"असंल."

"तवा तुमीच हुतासा व्हय आत?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी नंतर लागलो."

मागं शेठ पेपर वाचत होते. बाईनं पिशवीत पेरू भरायला घेतले.

"तो म्हातारा मातूर लई भला," ती म्हणाली. "गाडी चालवत हुता तो. दर ऐतवारी एस.टी.नं यायचा. बिस्किटाचा पुडा घिऊन. लाल शर्टाचं पोरगं बघितलं का, म्हणून समद्यास्नी इचारायचा. चार वरीस. औंदा आला न्हाई."

तिनं पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"मी किती डाव सांगितलं, बाबा, कसलं पोरगं न् काय. मी हितंच हुते, रस्त्यात कुत्रंसुदीक नव्हतं. तर म्हणायचा, मावशी, तुमचं लक्ष नसंल. आमचा बाळगोंडा माझ्याशी खोटं बोलायचा न्हाई." ती पदरानं हात पुसत खिडकीत वाकली. "कोण वो हा बाळगोंडा? तुमच्यात कुणी हाय का ह्या नावाचं?"

आगगाडी धडधडत निघून गेली. बांबू वर जायला लागले. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले.

शेठनी पेपरची घडी घातली.

"फाटक उघडलं की," ते म्हणाले. "चल, बाळगोंडा."

बाई खिडकीत तशीच वाकलेली राहिली. शिवी देईल असं मला वाटलं. तिनं दिली नाही. तिनं हात आत घालून माझ्या मांडीवरची पेरूंची पिशवी उचलून घेतली आणि गाड्याकडं गेली.

मी आरसा न बघताच गाडी काढली.